दोन लाटा आणि मग चहा

एदेल्मिरा सानवेसा हिला टेबलाची जागा कोणी नेमून दिली नव्हती. ती तिने स्वतः निवडली होती, दारापासून सर्वांत जवळची. खिडकीतून बिओबिओ नदीचे रुंद पात्र दिसते, म्हणून आमच्या स्टुडिओत सगळ्यांना खिडकी हवी असे. हिला दार हवे होते. टेबलाखाली जाड तळव्यांचे बूट ठेवलेले असत, आणि बुटांच्या आत एक टॉर्च.

आमच्या कन्सेप्सियोन शहरात जमीन हलण्याचे कोणाला नवल नाही. दिवा डोलतो, बोलणारा क्षणभर थांबतो आणि मग वाक्य पुढे नेतो. एदेल्मिराचे वाक्य मात्र तिथेच तुटे. ती उठून दाराच्या चौकटीत उभी राही आणि हलणे थांबल्यावरही बराच वेळ तिथेच असे. आमचा मालक व्लादिमीर ओन्याते चेष्टेखोर होता, पण मनाचा वाईट नव्हता.

"दार कुठं पळून जात नाहीये, एदे. बस खाली."

"दार नाही जात. आपण राहतो आत," ती म्हणे.

"कोंबडी!" मागून कोणीतरी ओरडे. आमच्याकडे भित्र्या माणसाला कोंबडीच म्हणतात. तीही हसे, पण बसत नसे.

तिचे काम होते पाणी बनवण्याचे. जाहिरातीत दह्यात पडणारी स्ट्रॉबेरी, शाम्पूच्या बाटलीभोवती उसळणारा फवारा, एखाद्या चित्रपटातला पूर, हे सगळे ती संगणकात घडवी आणि मी त्यावर रंग चढवी. मी आतल्या, गव्हाच्या मुलखातल्या खेड्यातली. समुद्र मी कॉलेजात जाईपर्यंत पाहिला नव्हता. ती कोळ्याची मुलगी. मोठा भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी होती. त्या वेळची एकच गोष्ट तिने मला कधीतरी सांगितली. सगळे गाव टेकडीवर होते. उजाडल्यावर समुद्र निवांत दिसू लागला, म्हणून तिचे वडील होडी पाहायला खाली निघाले. तिच्या आईने त्यांचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि ती जमिनीवर बसली. वडील शिव्या देत होते, पट्टा सुटत नव्हता, आणि सगळे गाव हसत होते. मग खालून आवाज आला. नंतर कोणी हसले नाही.

"आई सांगायची, पाणी थकल्याचं सोंग करतं," एदेल्मिरा म्हणाली, आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

त्या वर्षी आमच्याकडे एल पिउरे नावाच्या कोळीवस्तीचे काम आले. शहरापासून दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत एक लहान खाडी, तीत रंगीत होड्या आणि वर जाणारी एकच पायवाट. भूकंपानंतर समुद्र आत शिरला तर काय होईल, ते गावकऱ्यांना त्यांच्याच खाडीचे चित्र दाखवून समजवायचे होते. मोठ्या लाटेच्या वेळी ते सगळे काळोखात टेकडीवर होते. लाटा त्यांनी कानांनी मोजल्या होत्या, त्यामुळे किती आल्या यावर गावात अजून भांडणे होत. आता डोळ्यांनी दिसणार होते.

एदेल्मिराने खाडीच्या तळाची खोली मिळवली, धक्क्याचे खांब, शाळा आणि कोळ्यांच्या संघाची शेड जिथल्या तिथे उभी केली, आणि बाहेरून समुद्र आत सोडला. पहिली लाट शाळेपर्यंत आली. दुसरी शेडच्या छतावर गेली. मग पाणी हळूहळू मंदावले, भोवरे विरले आणि खाडी ताटातल्या दुधासारखी सपाट झाली. व्लादिमीरने त्यावर गिटार लावली, शेवटी पाण्यावर उतरणारे पेलिकन पक्षी टाकले आणि फिल्म गावाला देऊन टाकली. त्या संध्याकाळी एदेल्मिरा मला नेहमीपेक्षा मोकळी दिसली. पाणी शांत झाल्याचा तिला आनंद झाला होता. ज्या गोष्टीने आपली भीती संपते, ती गोष्ट कोण पुन्हा तपासून पाहतो?

काही आठवड्यांनी गावाने आम्हा दोघींना चहाला बोलावले. संध्याकाळचा तो चहा म्हणजे आमच्याकडे जेवणच असते. सेन्योरा ओर्तेन्सिया या वस्तीच्या मंडळाच्या प्रमुख. त्यांच्या स्वयंपाकघरात गरम पाव होता, कुस्करलेला आवोकादो होता आणि खडकावरून त्याच दिवशी काढलेले, कांदा-लिंबात कालवलेले लालभडक पिउरे, म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे समुद्री जीव. शेजारचे म्हातारे कोळी बाल्दोमेरोही आले होते. सगळे गाव त्यांना तीओ बाल्दो म्हणे, म्हणजे बाल्दोकाका.

बोलता बोलता जमीन किंचित हलली. किटलीचे झाकण वाजले. एदेल्मिरा अर्धवट उठली.

"बस गं, मिहिता," तीओ बाल्दो तोंडात पाव असतानाच म्हणाले; लेकीला आमच्याकडे लाडाने मिहिता म्हणतात. "एवढ्याशा हलण्यानं काय होतंय? आणि मोठं झालंच तर आता आपल्याला माहितेय सगळं. दोन लाटा आणि मग चहा!"

टेबलाभोवती हशा पिकला. सेन्योरा ओर्तेन्सियांनी किटली उचलून दाखवली. "शाळेतली पोरं तर खेळ खेळतात याचा. एक लाट, सगळे वर. दुसरी लाट, सगळे वर. मग पेलिकन आले की धावत खाली, जो पहिला पोचेल तो जिंकला."

"तुझ्या फिल्मनं भांडणच मिटवलं बघ," तीओ बाल्दो म्हणाले. "माझी मेव्हणी चार लाटा म्हणायची. तिला म्हटलं, बघ, दोन. तुझे कान आधीपासूनच वाईट!"

मी एदेल्मिराकडे पाहिले. तिच्या हातातला चमचा पिउऱ्यांच्या वाडग्यात तसाच उभा होता. ती हसली, आणि ते हसू ओठांच्या पुढे गेले नाही. परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते.

"तिथं पाणी का थांबलं, ते मी बघितलंच नाही," ती अखेर म्हणाली. "थांबलं म्हणून बरं वाटलं मला. बस, एवढंच."

दुसऱ्या दिवशी तिने खाडी उघडली नाही. संगणकातच एक बंद चौकोनी पेटी बनवली, तीत पाणी भरले, पाण्याला एक गिरकी दिली आणि तीत शाईचा थेंब सोडला. पेटीला घर्षण नव्हते. पाण्याच्या घट्टपणाच्या रकान्यात शून्य होते. अशा पाण्याने फिरतच राहायला हवे. मी तिच्या खांद्यामागे उभी होते. शाईची वळणे आधी स्पष्ट होती, मग पुसट झाली, आणि थोड्याच वेळात सगळी पेटी फिक्या निळ्या रंगाची, स्तब्ध झाली.

"मध आहे हा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी पाणी म्हणून मध दाखवला त्यांना."

तिने मला समजावले ते साधे होते. संगणकातले पाणी म्हणजे लहान लहान चौकटींची जाळी. प्रत्येक क्षणी प्रत्येक चौकट विचारते, माझ्याकडे आलेले पाणी मघाशी कुठे होते? उत्तर बहुधा दोन-चार चौकटींच्या मधेच कुठेतरी पडते, म्हणून त्या चौकटींची सरासरी घेतली जाते. एकदा सरासरी घेतल्याने काही बिघडत नाही. पण हे क्षणोक्षणी चालते, आणि प्रत्येक वेळी वेगाची थोडी धार जाते. उंच ते जरा कमी उंच होते, खोल ते जरा कमी खोल. कोणी पाण्याला थांब म्हटलेले नसते. हिशेबच त्याला थकवतो.

आणि आमच्या धंद्याला हा थकवा फार सोयीचा होता. ज्या पद्धतीत पाणी थकते, त्या पद्धतीत ते कधी फुटत नाही. आमच्याकडे सर्वांत मोठी नामुष्की म्हणजे फुटलेले पाणी, आकडे बेफाम वाढून पडद्यावर काटेकाटे उसळणारे. शाम्पू शेवटी शांत व्हावा लागतो, म्हणजे बाटली नीट दिसते. आम्ही सगळे इतकी वर्षे त्या आयत्या शांततेला चांगले पाणी म्हणत आलो होतो.

व्लादिमीरने सगळे ऐकून घेतले. त्याच्यापुढे दह्याची नवी जाहिरात होती.

"मग हातानं घाल ना एक लाट. तिसरी. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"किती उंच घालू?"

"तुला भीती वाटेल एवढी."

"मला सगळ्याचीच वाटते, व्लादी. माझ्या भीतीवर माप ठरवलं तर डोंगर बुडेल. आणि ती खाडीची लाट नसेल, माझी असेल."

"बरं, मग भोवरे वाढव. एक बटण आहे त्याला."

"ते जिथं भोवरा नाही तिथंही ढवळतं."

तो पुन्हा आपल्या पडद्याकडे वळला. मग म्हणाला, "दही संपवून मग कर. आणि फुटलं तर मला दाखवू नकोस, मला नीट झोप लागत नाही."

तिने दही संपवले आणि मग हे काम सुरू केले. उपाय नवा नव्हता, फक्त आमच्याकडे कोणी वापरला नव्हता. पाण्याला एक पाऊल पुढे न्यायचे आणि तिथून लगेच उलटे मागे आणायचे. जसे निघाले होते तसेच परत आले, तर वाट बरोबर. नाही आले, तर मधे जेवढे हरवले त्यातले निम्मे जाताना हरवले आणि निम्मे येताना, असे धरायचे. आणि ते निम्मे निघण्याआधीच पाण्याच्या पदरात घालायचे. पहिल्याच प्रयत्नात पाणी फुटले. पडद्यावर पांढरे भाले उठले, ती किंचाळून खुर्चीसकट मागे सरकली आणि सगळ्या स्टुडिओला पुढे आठवडाभर बोलायला विषय मिळाला. मग तिने दुरुस्तीला लगाम घातला. कोणत्याही चौकटीने आपल्या शेजाऱ्यांच्या पलीकडे उडी मारायची नाही. पेटीतली शाई आता वळत राहिली, बारीक, काळी, न विरणारी.

"आता खाडी लाव," मी म्हणाले.

"थांब. आता जे आकडे आहेत ते तू बघून ठेव. खाडी लावल्यावर मी यातलं काही बदललं, तर मला अडव. मला तिसरी लाट बघायची आहे म्हणून ती यायला नको."

मी आकडे पाहून ठेवले. तिने समुद्र सोडला आणि संगणक मोजत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली.

"आली," ती म्हणाली.

पहिली आली, दुसरी आली. मग खाडी पुन्हा सपाट दिसली, पूर्वीसारखीच, पण वरवर. खालचे पाणी खाडीच्या दक्षिण टोकावरच्या सुळक्याभोवती फिरत राहिले होते, किनाऱ्याला घासून परत येत होते. बऱ्याच वेळाने येणारे आणि जाणारे पाणी एकमेकांना भेटले, धक्क्याजवळचा तळ उघडा पडला, आणि तिसरी लाट शेडच्या छतावरून चढून पायवाटेच्या पहिल्या वळणापर्यंत गेली. मुलांची शर्यत खाली जिथे संपत असे, त्याच्या कितीतरी वर.

आम्ही दोघींनी ती पुन्हा पाहिली नाही.

त्याच आठवड्यात जमिनीने जोर धरला. हादरे मोठे नव्हते, पण लागोपाठ होते. एक विसरावा तोच दुसरा. एदेल्मिरा बूट घालूनच काम करू लागली. आता तिला कोणी कोंबडी म्हणेना. तिची भीतीही बदललेली मला दिसत होती. पूर्वी हादरा बसला की ती दाराकडे पाही. आता ती दक्षिणेकडे पाही.

"पुढच्या महिन्यात गावची सभा आहे, तेव्हा दाखवू," व्लादिमीर म्हणाला.

"आज," ती म्हणाली.

"एदे, गावाला कळवायला तरी..."

"ती पोरं खाली धावतात, व्लादी. पेलिकन दिसले की. पेलिकन तू टाकलेस आणि पाणी मी."

त्याने गाडीची किल्ली माझ्याकडे फेकली.

आम्ही एल पिउरेला पोचलो तेव्हा दुपार होती, वारा अगदी पडलेला. सेन्योरा ओर्तेन्सियांनी संघाच्या शेडमध्ये माणसे गोळा केली. आम्ही भिंतीवर चादर टांगत होतो. चादरीचे एक टोक माझ्या हातात होते, आणि ते माझ्या हातातून ओढल्यासारखे सुटले. मग शेडचे पत्रे ओरडू लागले. उभे राहता येईना. कोणीतरी "वर!" म्हणाले, आणि हलणे थांबायच्या आत सगळे गाव पायवाटेला लागले होते. तेवढे त्यांना पक्के येत होते. एदेल्मिराने संगणकाची पिशवी छातीशी धरली होती.

टेकडीवरून आम्ही पाहिले. पहिली लाट शाळेच्या पायऱ्यांवर चढली आणि उतरली. दुसरी शेडमध्ये शिरली. आम्ही टांगत होतो ती चादर तरंगत बाहेर आली. बायका रडत होत्या, रेडिओ नुसता खरखरत होता. मग पाणी मंदावले. होड्या दोरांवर सरळ झाल्या. उतरते ऊन पडले होते आणि खाडी ताटातल्या दुधासारखी होती. अगदी तंतोतंत माझ्या पडद्यावरची खाडी. एक पेलिकन आला आणि पाण्यावर बसला. त्यामागे दुसरा.

"पेलिकन!" एक मूल ओरडले.

"दोन झाल्या," कोणीतरी म्हणाले. माणसे कपडे झटकत उठू लागली.

"थांबा," एदेल्मिरा म्हणाली. तिचा आवाज तिच्यापासून हातभरही गेला नाही. ती पुन्हा म्हणाली, "थांबा! अजून एक आहे!"

"तूच दाखवल्या ना गं दोन?" तीओ बाल्दो म्हणाले. त्यांची हिरवी होडी धक्क्याच्या खांबात अडकून कलली होती, आणि त्यांची नजर होडीवरून हलत नव्हती.

"मी दाखवलं ते चूक होतं."

"चूक?"

"माझं पाणी आपोआप थकत होतं. खरं थकत नाही. नवीन आणलंय मी, यात बघा, कृपा करून बघा!"

तिने संगणक उघडला. उन्हात पडदा काळा ठिक्कर दिसत होता. लोक वाकून पाहत होते आणि त्यांना स्वतःचेच चेहरे दिसत होते. कोणीतरी हसले, ते भीतीचे हसू होते. मग सेन्योरा ओर्तेन्सियांनी खांद्यावरचे घोंगडे काढून संगणकावर टाकले आणि त्याखाली डोके घातले. आणखी दोघीतिघी आत शिरल्या. आम्ही बाहेर त्यांच्या पाठी पाहत उभे होतो. घोंगडे हलत नव्हते. बऱ्याच वेळाने सेन्योरा ओर्तेन्सिया बाहेर आल्या. चालत पायवाटेच्या तोंडाशी गेल्या, आणि तिथे वाट अडवून जमिनीवर बसल्या.

"अहो, हे काय?" एकजण म्हणाला.

"पोरांना माझ्या मागं बसवा," त्या म्हणाल्या. "एकाही पोराला खाली जाऊ देऊ नका."

तीओ बाल्दो घोंगड्याखाली आले नव्हते. "तुम्ही बसा सिनेमा बघत. दोर कापला नाही तर होडी फुटेल माझी," असे म्हणून ते पायवाट सोडून झुडपांतून उतरू लागले. वयाच्या मानाने ते चपळ होते. एदेल्मिरा त्यांच्यामागे धावली. मी तिला कधी धावताना पाहिले नव्हते. हादऱ्यातसुद्धा ती चालतच दारापर्यंत जाई. तिने मागून त्यांचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि ती जमिनीवर बसली.

"सोड! अगं ए, सोड पोरी! लाज नाही वाटत?"

तिने डोळे गच्च मिटले होते. तीओ बाल्दो तिला ओढत होते आणि ती ढेकळांवरून हातभर हातभर घसरत होती. वरून काही जण हसले. मलाही वाटले, ही चुकली असेल तर? पेटी चुकली असेल, ते आकडे चुकले असतील, खाडी खरोखरच शांत झाली असेल, तर आज या माणसाची होडी हिच्यामुळे जाईल. खाली सगळे स्वच्छ, स्थिर होते. इतके, की त्या स्थिरपणाकडे पाहवत नव्हते.

पेलिकन उठले. दोन्ही एकदम, काही कारण नसताना.

मग खाडीतल्या होड्या वळू लागल्या. वारा नव्हता. तरी एकेक होडी आपल्या दोरावर सावकाश फिरत होती, आणि सगळ्यांची तोंडे किनाऱ्याकडे होत होती, जणू खालून कोणी समुद्राकडे ओढत होते. धक्क्याच्या खांबांवरचे ओले काळे पट्टे उंच होत गेले. त्यांच्यावर चिकटलेले शिंपले दिसू लागले, मग त्यांच्याखालचा चिखल.

तीओ बाल्दो थांबले होते. त्यांची हिरवी होडी हळूच कलंडून चिखलावर बसली. ते तिच्याकडे पाहत राहिले.

"सोड आता," ते म्हणाले. "सोड, मिहिता. कुठं जात नाही मी."

एदेल्मिराने पट्टा सोडला नाही. दूर सुळक्याजवळ पाण्याचा आवाज सुरू झाला होता. ते तिच्याशेजारी, झुडपांत, पायवाटेच्या पहिल्या वळणाच्या बरेच वर, खाली बसले.